‘उद्या कोण?’ लिहिणारी दोघं

आमच्या आत्यानं आयुष्यात एकदाही घोड्यावर पैसा लावला नाही. पण एक काळ असा होता की शनिवारी संध्याकाळी तिचं म्हणणं वाचून लोक रविवारी रेसकोर्सवर जायचे, आणि ते म्हणणं तिचं आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

आत्याच्या शहरात तेव्हा एक सायंदैनिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातींच्या वर, ‘उद्या कोण?’ नावाचं सदर असायचं. रविवारच्या शर्यतींत कोण कोण धावणार, कोणाचं पारडं जड आणि का, याचा तो आढावा. खाली लेखकाचं नाव नसे, नालाचं एक छोटंसं चित्र असे. ते सदर लिहायचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. लग्न ठरवताना आजोबांना एवढंच सांगितलं होतं की मुलगा वर्तमानपत्रात आहे. ते खोटं नव्हतं. मुलगा वर्तमानपत्रात नेमकं काय करतो हे आजोबांना लग्नानंतर कळलं, तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत म्हणे.

आत्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. आतोबांच्या कामाला ती सरळ ‘तुमचा जुगार’ म्हणायची. आतोबा चिडायचे नाहीत. “मी कुठे खेळतो? मी फक्त सांगतो,” म्हणायचे. “तेच ते,” आत्या म्हणायची. “दारू विकणारासुद्धा हेच म्हणतो.”

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा हे भांडण जुनं होऊन गोड झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलावर निळ्या चौकड्यांचं मेणकापड, त्यावर गरम भांडं ठेवल्याचे गोल डाग. खिडकीखाली छापखान्याचं मागचं अंगण. दुपारी मशीन सुरू झालं की कपाटातल्या बशा बारीक आवाज करायला लागायच्या, आणि आतोबा म्हणायचे, “निघाला बघ आजचा अंक.” शाईचा तो वास अजून कुठे अचानक आला तर मी रस्त्यात थांबते.

आतोबांची स्मरणशक्ती ही एक गंमतच होती. सख्ख्या भाच्याचं नाव त्यांना आठवायचं नाही. पण अमुक घोडीची आजी ओल्या मैदानावर कशी पळायची, तमुक जॉकी आतल्या कठड्याला चिकटून घोडा नेतो की बाहेरून, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. त्यांची एक पद्धत होती. ते म्हणायचे, “कोण जिंकेल हे शेवटी विचारायचं. आधी प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, तुला जिंकता का येणार नाही?” मग एकेकाला चाळणी लागायची. याच्या पाठीवर वजन जास्त आलंय. हा बाराशे मीटरचा गडी, त्याला दोन हजारात कशाला घातलंय? याला सुटायला बाहेरचं फाटक मिळालंय, वळणावर सगळ्यांना वळसा घालताना दम जाईल. असं करत करत टेबलावर दोन-तीनच नावं उरायची. “आता बघायला जायचं,” म्हणायचे. कारण कागदावर सगळं जुळलं तरी घोडा त्या आठवड्यात कसा आहे हे पहाटे सरावाच्या वेळीच कळतं.

आणि त्यांचं तेच बघणं गेलं.

मी तिथे गेले त्याच्या आधी वर्षभर हे सुरू झालं होतं. आधी चहा कपाच्या बाजूला ओतला गेला, मग जिन्यात शेजाऱ्यांना ते ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत, उजेड-अंधार कळेल, आकार कळतील, त्यापलीकडे फार आशा धरू नका. आतोबांनी पन्नाशीही ओलांडली नव्हती. कचेरीत त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. घरी येऊन टेबलाशी बसले आणि म्हणाले, “संपलं. ऐकून ऐकून घोडे सांगता येत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या कोट घालून, थर्मास घेऊन दारात उभी राहिली.

“कुठे निघालीस?” आतोबांनी विचारलं.

“तुमच्या जुगाराला. चला, पहिली बस चुकेल.”

त्या पहिल्या पहाटेचं वर्णन दोघंही मला करून दाखवायची, एकमेकांचं बोलणं तोडत. ओलं गवत, पांढरा कठडा, आणि धुक्यातून टापांचा आवाज.

“कोण आलं?” आतोबांनी विचारलं.

“घोडा.”

“अगं, घोडाच येणार! कसला?”

“तपकिरी.”

“सगळे तपकिरीच असतात.”

“मग विचारता कशाला?”

पण चित्रकलेच्या बाईला बघायला शिकवावं लागत नाही, कशाकडे बघायचं तेवढं सांगावं लागतं. आतोबांनी ते सांगितलं. चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या ठशाच्या पुढे पडतं का? कान कुठे आहेत? पोट आत ओढलंय का? घाम कुठे फुटलाय, मानेवर की मांड्यांत? आत्या बघायची आणि आपल्या भाषेत सांगायची. “हा आमच्या मुख्याध्यापिकांसारखा चालतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी येतेय, सगळ्यांनी बाजूला व्हा.”

आतोबा खूश. शनिवारी सदरात यायचं, ‘घोडा पूर्ण आत्मविश्वासात दिसला.’ कधी ती म्हणायची, “ही लग्नघरात रुसून बसलेल्या पाहुणीसारखी आहे.” छापून यायचं, ‘घोडीची मनःस्थिती ठीक वाटली नाही.’ कठड्याशी एक म्हातारा ट्रेनर उभा असायचा, त्याची तेलकट टोपी कधी डोक्यावरून उतरलेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून त्याला सगळे टोपीवाला म्हणायचे. तो आत्याचं ऐकून गालातल्या गालात हसायचा. एकदा म्हणाला, “बाई, आमच्या घोड्यांना जरा चांगली नातेवाईक मंडळी द्या की.”

शुक्रवारी दुपारी टेबलावर काम चालायचं. आत्या धावणाऱ्यांची नावं वाचायची, आतोबा डोळे मिटून ऐकायचे, चाळण लावायचे, ती पेन्सिलीनं लिहून घ्यायची. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि एक अक्षर वाचायचे नाही. जुगार हा शब्द घरातून कधी गेला कळलंच नाही. आत्या भाजी निवडता निवडता म्हणायची, “अहो, त्या मंगळवारच्या काळ्याला नवा जॉकी दिलाय, हात हलके आहेत त्याचे.” सदर आधीपेक्षा चांगलं उतरायला लागलं. बसस्टॉपवर लोक त्यातली वाक्यं बोलायचे. आत्या शेजारी छत्री धरून उभी असायची, कमालीचा निर्विकार चेहरा करून.

मग ‘धुकं’ आली.

ही एक करड्या रंगाची घोडी होती, टोपीवाल्याच्या तबेल्यातली. दोन वर्षांची असल्यापासून आत्या तिला बघत होती. सराव संपवून परत जाताना ती कठड्यापाशी थांबायची आणि आत्याकडे टक लावून बघायची. तिला धरून नेणाऱ्या मोतद्दारानं लगाम ओढला तरी हलायची नाही. आत्या शाळेच्या वहीत तिची चित्रं काढायची, पण त्यातलं एकही तिच्या मनासारखं उतरायचं नाही. “ती पळते ना, तेव्हा पाय उचलल्यासारखं वाटतच नाही,” आत्या मला सांगायची. “पाण्यावरून बोट फिरवावं तशी जाते.” धुकं तीन शर्यती जिंकली, तिन्ही उन्हाळ्यात, तिन्ही खडखडीत मैदानावर.

वर्षातली सर्वांत मोठी शर्यत जवळ आली. त्यात धुकं होती आणि ‘दरबारी’ नावाचा एक धिप्पाड तांबडा घोडाही होता, तोवर एकदाही न हरलेला. त्या आठवड्यात पावसानं झोडपलं. मैदानात पाऊल टाकलं की चिखल बुटाला धरून ठेवायचा.

शुक्रवारी टेबलाशी आतोबांनी चाळण लावली. दोनच नावं उरली.

“दरबारी ओल्यात पळालाय, पायही मोठे आहेत,” ते म्हणाले. “प्रश्न धुकंचा आहे. ती ओल्यात कधी पळालेली नाही. तू काल बघितलंस ना तिला? पाय कितपत उचलते?”

आत्या बटाटे सोलत होती. सुरी थांबली.

“व्यवस्थित उचलते,” ती म्हणाली.

“नक्की? जी घोडी पाय घसटत जाते ती चिखलात रुतते.”

“उचलते म्हटलं ना. मला तर तीच दिसतेय.”

“बघणं तुझं खातं,” आतोबा म्हणाले, “लिही. उद्या कोण? धुकं.”

मला ते ऐकून काहीतरी खटकलं. आत्यानं मला याच्या उलट सांगितलं होतं. पण मला कुठे घोड्यांतलं कळत होतं! मी पुस्तकात डोकं घातलं.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. लाकडी स्टँड गच्च भरला होता, ओल्या कोटांचा वास येत होता. घोडे सुटले. आतोबा कान देऊन उभे, आत्या त्यांच्या कानाशी सांगतेय, “दरबारी चौथा... धुकं मधोमध... वळणाला आली... आता बाहेर काढलं तिला...” आणि मग तिचा आवाजच गेला. आतोबांनी तिचा दंड धरला. “काय झालं? सांग ना!”

“रुतली,” आत्या म्हणाली.

दरबारी सरळ रेषेत चिखल उडवत पुढे निघून गेला. धुकं शेवटून दुसरी आली. नखशिखान्त चिखल, तिचा करडा रंगही ओळखू येत नव्हता. आमच्या मागे कोणीतरी सायंदैनिकाचा अंक चुरगाळला आणि म्हणालं, “या नालवाल्याला घोडे कळतात की गाढवं?”

घरी आल्यावर आत्यानं कोटही काढला नाही. ती उभ्या उभ्याच म्हणाली, “मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती पाय उचलत नाही. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत आणि... ती जिंकावी असं मला इतकं वाटत होतं, की तोंडून तेच गेलं.”

आतोबा बूट काढत होते. बुटाच्या नाडीवरचा हात तसाच राहिला.

“चुकली असतीस तर हरकत नव्हती,” ते शेवटी म्हणाले. “मी किती वेळा चुकलोय. पण तू जे सांगशील तेच मला दिसतं गं. मी पडताळून कुठे बघू?”

आत्या तोंड फिरवून आत गेली. त्या आठवड्यात पहाटेची बस त्यांनी घेतली नाही. घरात भांड्यांचे आवाज मोठे वाटायला लागले. खाली छापखाना सुरू व्हायचा, बशा वाजायच्या, पण आतोबा काही म्हणायचे नाहीत. मला वाटलं, मोडलं हे.

बुधवारी संपादकांचा निरोप आला. आतोबा जायला निघाले तेव्हा आत्याही निघाली. “मला यायलाच हवं,” म्हणाली. आतोबा नको म्हणाले नाहीत, पण जिना उतरताना त्यांनी नेहमीसारखा तिचा हात धरला नाही. कठडा धरून उतरले.

पुढचं मी आत्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तिथे मीच होते असं वाटतं. संपादकांच्या खोलीत वाचकांच्या पत्रांचा ढीग होता. संपादक जाडजूड, आवाज दणदणीत.

“दरबारीला सोडून धुकं?” ते म्हणाले. “चिखलात? तुम्ही? काय झालं होतं काय?”

“चूक माझी,” आतोबा म्हणाले.

“चूक यांची नाही, माझी,” आत्या म्हणाली. “बघते मी. यांना...” आणि ती थांबली. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

आतोबांनीच वाक्य पुरं केलं. “मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी सांगायला हवं होतं. सदर आजपासून दुसऱ्या कोणाला द्या.”

संपादक खुर्चीत मागे रेलले. “दिसत नाही हे काय मला सांगताय?” ते म्हणाले. “दोन वर्षं तुम्ही या खोलीत आलात की त्या खुंटीवरच्या माझ्या कोटाला नमस्कार करताय. कोट बिचारा उत्तर देत नाही म्हणून मी इकडून देतो.”

आत्या म्हणते, आधी आतोबांचा चेहरा पडला, मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि मग तिघंही असे हसले की शिपाई दार उघडून बघून गेला. हसू ओसरल्यावर संपादकांनी विचारलं, “पण बाई, मग ती घोडी का निवडलीत?” आत्यानं सगळं सांगितलं. कठड्यापाशी थांबणं, ते बघणं, पाण्यावरचं बोट, बटाटे, खोटं. काही लपवलं नाही.

“हेच लिहा,” संपादक म्हणाले. “जसंच्या तसं. या शनिवारी.”

त्या शनिवारचं सदर ‘गेल्या रविवारी आम्ही एका घोडीच्या प्रेमात पडलो’ असं सुरू झालं. आत्यानं ते स्वतः लिहिलं. आतोबांना वाचून दाखवताना मधेच तिचा गळा दाटला, तेव्हा ते म्हणाले, “इथे स्वल्पविराम दे. वाचणाऱ्याचाही दाटेल.” रविवारनंतर ते तिच्याशी धड बोलले ते हे पहिलं वाक्य.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. कठड्याशी आत्या जे सांगेल त्याच्याआधी ‘दिसलं’ किंवा ‘वाटलं’ यातला एक शब्द लावायचा. “दिसलं, उजवा पुढचा पाय आखडता टाकतोय. वाटलं, आज त्याला पळायचं नाहीये.” आतोबा दोन्ही ऐकायचे, पण वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायचे. सदरातही दोन भाग झाले. वर ‘त्याचं म्हणणं’, खाली ‘तिचं म्हणणं’. दोघांचं जमलं तर ठीक, नाही जमलं तर आणखी मजा. शहरात चक्क दोन पक्ष पडले. न्हाव्याच्या दुकानात, कचेऱ्यांच्या जिन्यांत लोक वाद घालायचे, या आठवड्यात त्याचं खरं की तिचं. टोपीवाल्यानं तर एकदा कठड्याशी येऊन आत्याला विचारलं, “बाई, माझ्या घोडीला ओल्यात कशाला घातलं म्हणून लिहिलंत, बरोबर आहे. पण मला आधी सांगायचं ना!”

मी शिकून नोकरीला दुसरीकडे गेले, लग्न झालं. सुटीत आले की पहाटे त्यांच्याबरोबर जायचे. दोघं म्हातारी होत होती. आतोबांना आता उजेडही नीट कळत नव्हता, पण टापांच्या आवाजावरून ते म्हणायचे, “हा डावीकडे झुकतोय,” आणि आत्या चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, “दिसलं. झुकतोय.” थर्मासच्या झाकणात एकच चहा दोघं आळीपाळीनं प्यायची. घोड्यांच्या अंगातून वाफा निघायच्या, सूर्य वर यायचा, आणि मला वाटायचं, हे असंच राहावं, यातलं काही इकडचं तिकडे होऊ नये.

आतोबा एका दुपारी वामकुक्षीला आडवे झाले ते उठले नाहीत. सदर काही दिवस बंद राहिलं. संपादकही तोवर बदलले होते. नव्या संपादकांनी ‘त्याचं म्हणणं’ लिहायला एक जाणकार तरुण देऊ केला. आत्या म्हणाली, “सदर त्याला द्या, सगळंच द्या. अर्धं कशाला?” तो मुलगा घरी यायचा, चांगला होता. वजनं, अंतरं, वेळा, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आत्यानं त्याला घोडे बघायला नेलं, चार गोष्टी सांगितल्या, आणि बाजूला झाली. पुढे सायंदैनिकच बंद पडलं. छापखान्याच्या अंगणात आता गाड्या उभ्या राहतात. जुनं रेसकोर्स हलवलं, शहराबाहेर नवं झालं, काचेचा स्टँड असलेलं.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याला तिथे घेऊन गेले. ती आता काठी घेऊन चालते. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी कोणीतरी उठून तिला खुर्ची दिली. घोडे गोल फिरत होते. मी तिला पाणी देत होते तर तिचे ओठ हलताना दिसले. ती पुटपुटत होती, मान किंचित उजवीकडे कलवून, जिथे आतोबा उभे राहायचे. मी वाकले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती दचकली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सवय गं.”

“सांग की मला,” मी म्हटलं. “मीही आंधळीच आहे यातली.”

तिनं सांगितलं. एकेकाचे कान, पाय, घाम, पोट. नातेवाईकही आले, मुख्याध्यापिकाही आल्या. शेवटी तिनं एका उंच काळ्याकडे काठी केली. “हा. दिसतोयही आणि वाटतोयही.”

तो काळा सगळ्यांत शेवटी आला. इतका शेवटी, की बाकीचे घोडे परत वळले तरी हा आपला पळतोच आहे. आत्या हसायला लागली. आधी हळू, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, काठी खाली पडली, शेजारची अनोळखी माणसंही हसायला लागली. मी तिला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. तो काळा का हरला हे तिनं मला सविस्तर समजावलं. फाटक बाहेरचं मिळालं होतं, वजनही जास्त होतं, आणि जॉकीनं वळणावर घाई केली. आमचा स्टॉप आला तरी तिचं संपलं नव्हतं. उतरताना माझा हात धरून ती म्हणाली, “पुढच्या रविवारी जरा लवकर निघू. पुढे उभं राहायला मिळालं की पाय नीट दिसतात.”